उलाळ गाडी



आज कोडं घालूनच सुरुवात करते. दोन चाकं आहेत, पण सायकल नाही. दार आहे, खिडकी आहे, पण घर नाही. आत शेगडी आहे, अंथरूण आहे, पाण्याची टाकी आहे, पण इंजिन मात्र नाही. दुसऱ्याच्या पाठोपाठ मुकाट चालते आणि एकदा का रुसली, की पुढच्यालाच गदागदा हलवते. ओळखा पाहू!

नाही ना ओळखलंत? आमच्या वर्गातही कुणाला आलं नाही. एकानं "बाई, वरातीची गाडी!" असं सांगितलं, एकीनं "मेंढपाळाचं बिऱ्हाड!" म्हटलं. तिचं उत्तर खरं तर बरंच जवळचं होतं. ही गाडी म्हणजे बिऱ्हाडच आहे. फक्त ते घोड्याच्या पाठीवर नसतं, मोटारीच्या मागे असतं. तिचं नाव कॅम्पर ट्रेलर. मोटारीला जोडून न्यायची छोटी खोली म्हणा ना!

आता तुम्ही म्हणाल, बाईंना आज ही अमेरिकेतली गाडी कुठून आठवली? त्याचं असं झालं. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो. डेट्रॉइट शहराजवळ. आमचे वडील, अण्णा, यंदा उन्हाळ्यात सहा महिने त्याच्याकडे राहून आले. अण्णांनी सगळा जन्म शेतात काढला. चाळीस वर्षं कारखान्याला ऊस ओढला, आधी लाकडी चाकांच्या गाडीनं आणि मग टायरगाडीनं. परत आल्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. तीच गोष्ट भाच्यानंही फोनवर सांगितली होती. दोन्ही जोडून आज तुम्हाला सांगते. गोष्टीत थोडं गणित आहे, थोडं विज्ञान आहे आणि जीवावर बेतलेला एक प्रसंगही आहे. तेव्हा नीट ऐका हं!

आधी मोटारीची ओळख करून घेऊ. दादाकडे मिनीव्हॅन आहे. मिनीव्हॅन म्हणजे सात-आठ माणसं बसतील अशी, सरकत्या दारांची, घरगुती मोटार. अमेरिकेत ती लोकप्रिय केली क्रायस्लर कंपनीनं. ही कंपनी त्या डेट्रॉइट भागातलीच. १९८३ च्या अखेरीस तिनं डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर अशा दोन गाड्या बाजारात आणल्या, आणि बघता बघता पोरंबाळं असलेल्या घरांनी त्या उचलून धरल्या. या गाडीचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. बहुतेक मिनीव्हॅनमध्ये इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. म्हणजे वळवायचं काम पुढच्या चाकांचं आणि ओढायचं कामही त्यांचंच!

ट्रेलरची परंपरा याहून जुनी. अमेरिकेत १९३० च्या दशकात लोक असे ट्रेलर घेऊन हिंडू लागले. पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर त्याच काळातले. चकचकीत ॲल्युमिनियमचे, विमानासारखे दिसणारे एअरस्ट्रीम ट्रेलर बनवणारी वॉली बायम यांची कंपनीही १९३१ सालची. नंतर फायबरग्लासचे हलके ट्रेलर आले. दादानं घेतला तो असाच एक जुना, १३ फुटी ट्रेलर. रिकामा असताना त्याचं वजन ६०० किलो.

मग मिनीव्हॅनला ६०० किलो ओढवतील का? हो, सहज. बऱ्याच मिनीव्हॅन ३५०० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण १५९० किलोपर्यंत ओढू शकतात. पण मुलांनो, इथं एक मेख आहे. हा आकडा ज्याच्या त्याच्या गाडीच्या पुस्तिकेत बघावा लागतो. शेजाऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचा अंदाज बांधून चालत नाही. काही गाड्यांना तर ओढायची परवानगीच नसते. शिवाय गाडीत माणसं आणि सामान जसजसं वाढतं, तसतशी तिची मागचं ओढायची ताकद कमी धरावी लागते. तुमच्या पाठीवर दप्तर असेल, तर हातात घागर जरा लहानच घ्यावी लागते ना? तसंच हे.

दादा स्वतः इंजिनिअर. त्यानं सगळी जोडणी नीट केली होती. मोटारीच्या मागे एक लोखंडी दांडा असतो, त्यावर २ इंचांचा गुळगुळीत गोळा. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला उलटी वाटी असते. ती वाटी गोळ्यावर बसवायची आणि खटका लावायचा. झाली गाडी जोडून! तुम्ही शाळेत उखळीचा सांधा शिकलात ना, खांद्याचा आणि खुब्याचा? हुबेहूब तोच प्रकार. म्हणून तर मागची गाडी डावी-उजवीकडे वळते आणि खड्ड्यात वर-खालीही होते.

एवढ्यावर भागत नाही. दोन साखळ्या लावायच्या, त्याही दांड्याखालून एकमेकींवर फुलीसारख्या आडव्या. का बरं? चुकून वाटी गोळ्यावरून निसटली, तर दांड्याचं तोंड रस्त्यात रुतायच्या ऐवजी त्या फुलीच्या झोळीत पडावं म्हणून. मग एक तारेची जोडणी असते. मोटारीनं ब्रेक दाबला की ट्रेलरचा मागचा दिवाही लागला पाहिजे, वळायचा इशारा दिला की तिकडचाही दिवा लुकलुकला पाहिजे. दादानं हे सगळं तपासलं. भाचा मागे उभा राहून "डावा लागला, उजवा लागला" असं ओरडत होता.

आणि मग सामान भरायला सुरुवात झाली.

जायचं होतं मिशिगन सरोवराच्या काठी. हे सरोवर किती मोठं, माहीत आहे? सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा! त्याच्या काठावर वाळूच्या प्रचंड टेकड्या आहेत. त्या जागेला 'झोपलेल्या अस्वलाच्या टेकड्या' म्हणतात. तिथल्या मूळ रहिवाशांची एक कथा आहे. पलीकडच्या काठावर वणवा लागला, तेव्हा एक अस्वलीण आपली दोन पिल्लं घेऊन सरोवर पोहून निघाली. ती काठाला लागली, पण दमलेली पिल्लं मागेच बुडाली. पिल्लांची दोन बेटं झाली आणि वाट बघत पडून राहिलेल्या आईची टेकडी झाली. भाचीला, म्हणजे सात वर्षांच्या आमच्या चिमुरडीला, ती टेकडी बघायची होती. तिच्याचसाठी हा सगळा घाट.

तर सामान. चार सायकली, ५० किलो. त्या ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला अडकवल्या. पाण्याची टाकी चाकांच्या मागच्या बाजूला, तीत ७५ लिटर पाणी. ७५ लिटर म्हणजे ७५ किलो, हे तुम्हाला माहीत आहेच. शेगडी, कोळसे, बर्फाची पेटी, धान्याचा डबा असं ४० किलोंचं स्वयंपाकघर मागच्या कप्प्यात. दार मागे असल्यामुळे काढायला-घालायला सोपं! आणि अंथरूण-पांघरूण ३५ किलो, मधोमध.

अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "आरं, मागं लई वजन झालंय न्हवं?"

दादा हसून म्हणाला, "अण्णा, ही काय आपली बैलगाडी आहे का? इंजिनाची गाडी आहे ही. याच्या दुप्पट ओढेल."

अण्णा गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी निघाली. पुढे दादा-वहिनी, मधे अण्णा आणि भाचा, मागे भाची झोपलेली. ट्रेलर धावत असताना त्यात कुणीही बसायचं नसतं, हे मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रस्ता रुंद, गुळगुळीत, नाकासमोर उत्तरेला जाणारा. दीड तास सगळं छान चाललं. दादाला वाटलं, जमतंय की! वेग हळूहळू वाढत गेला. ताशी ८० चे ९० झाले, ९० चे १०५ झाले.

सॅगिनॉ नदीवर एक खूप उंच पूल आहे. चढ संपला आणि उतार लागला. तेवढ्यात डाव्या बाजूनं एक लांबलचक मालट्रक जोरात पुढे गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का ट्रेलरला बसला आणि ट्रेलरची शेपटी एकदा उजवीकडे गेली. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे, आधीपेक्षा जास्त. भाचा म्हणतो, "आत्या, आरशात एकदा ट्रेलर दिसायचा, एकदा दिसायचाच नाही." आता ट्रेलरच मोटारीला मागून हिसके देऊ लागला. मोटारीचं मागचं टोक डोलायला लागलं. वहिनीच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या पट्ट्यात गाड्या होत्या.

आणि अण्णा मागून एकच वाक्य बोलले, "गाडी उलाळ भरलीया!"

मुलांनो, उलाळ म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांच्या आजोबांना विचारा. गाडीत मागे जास्त वजन भरलं की पुढचं जू वर उचललं जातं. बैलांच्या मानेवर ओझं राहत नाही, उलट गळ्याला बांधलेली जोती त्यांना वर खेचू लागतात. अशा गाडीला म्हणायचं उलाळ. पुढे जास्त वजन भरलं की सगळा भार बैलांच्या खांद्यावर येतो. ती झाली धुरजड. चांगला गाडीवान ना उलाळ भरतो, ना धुरजड. जू खांद्यावर टेकलं पाहिजे, पण रुतता कामा नये.

पुढे काय झालं ते सांगते. अशा वेळी माणसाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. दादाचाही गेला. पण ट्रेलरच्या पुस्तिकेत वाचलेलं त्याला ऐन वेळी आठवलं. मोटारीचा ब्रेक जोरात दाबला, तर मोटार थांबते. मागचे ८०० किलो मात्र थांबायला तयार नसतात. ते मोटारीला ढकलतात, आणि चाकूचं पातं मिटावं तशी मोटार आणि ट्रेलर एकमेकांवर मिटतात. सुकाणू उलटसुलट फिरवलं तर झोके आणखीच वाढतात. म्हणून त्यानं एवढंच केलं. वेग देणाऱ्या पट्टीवरून पाय काढला, सुकाणू दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं आणि श्वास रोखून वाट बघितली. (काही ट्रेलरना स्वतःचे विजेचे ब्रेक असतात. ते असले तर मोटारीचे नव्हे, ट्रेलरचे ब्रेक हातानं लावायचे. या छोट्या ट्रेलरला ते नव्हते.) वेग उतरत ताशी ७० पर्यंत आला आणि झोके आपले आपण विरून गेले.

सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा. मागे भाची झोपलेलीच होती.

पुढच्या विश्रांतीच्या जागी दादानं गाडी थांबवली. त्याचे हात थरथरत होते. कुणी काही बोललं नाही. अण्णा खाली उतरले, ट्रेलरला एक वेढा घातला, मागे लटकलेल्या सायकली बघितल्या आणि म्हणाले, "चाकांस्नी दगडं लाव, आन् सोड ही मोटारीपासनं."

दादानं चाकांना अडण्या लावल्या, ट्रेलर सोडवला. अण्णा दांड्यापाशी गेले, जरा वाकले आणि मुलांनो, सत्तरी ओलांडलेल्या माझ्या वडिलांनी ८०० किलोंच्या त्या गाडीचं तोंड दोन हातांनी अलगद उचललं!

"बघ," ते म्हणाले, "जू मानंवर हायच कुठं?"

(तुम्ही असलं काही करायला जाऊ नका हं! सुटा ट्रेलर किंवा ट्रॉली केव्हा उलळेल, सांगता येत नाही. अण्णांचे हात चाळीस वर्षं त्याच कामात गेलेले आहेत.)

आता आपण वही-पेन्सिल घेऊ आणि अण्णांच्या हाताला जे कळलं ते गणितानं काढून बघू. सातवी-आठवीच्या मुलांना तरफ शिकवलेली असते. ट्रेलरचा आस, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, हा इथं टेकू. आसापासून पुढचा गोळा ३ मीटर अंतरावर. रिकामा असताना ट्रेलर गोळ्यावर ८५ किलोंचा भार टाकत होता. ६०० किलोंना ८५ म्हणजे चांगलाच.

सायकली ५० किलो, आसाच्या मागे १.८ मीटर. ५० गुणिले १.८ बरोबर ९०. भागिले ३ बरोबर ३०. म्हणजे सायकलींनी गोळ्यावरचा ३० किलो भार कमी केला. पाणी ७५ किलो, आसाच्या मागे १ मीटर. ७५ भागिले ३ बरोबर २५. स्वयंपाकघर ४० किलो, मागे १.२ मीटर. ४० गुणिले १.२ बरोबर ४८. भागिले ३ बरोबर १६. अंथरूण आसावरच, त्याचा फरक शून्य. आता ८५ मधून ३०, २५ आणि १६ वजा करा. किती राहिले? फक्त १४ किलो! एवढं तर तुमचं दप्तर आणि पाण्याची कळशी मिळून भरेल.

आणि किती असायला हवेत? अमेरिकेत सांगतात, की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर पडला पाहिजे. ८०० किलोंच्या ट्रेलरसाठी म्हणजे ८० ते १२० किलो. दादाच्या ट्रेलरचा पडत होता दोन टक्क्यांहून कमी. घरी परतल्यावर दादानं मुद्दाम तसंच सामान भरून, वजनाच्या घरगुती काट्यावर दांडा टेकवून बघितलं. काटा बरोबर चौदाच्या आसपास थांबला!

पण बाई, भार कमी पडला तर गाडी डुलते का? चांगला प्रश्न आहे. असं बघा. ट्रेलरची चाकं रस्त्याला घट्ट धरून असतात. वजन चाकांच्या पुढे असेल, तर ट्रेलर जरा वाकडा झाला तरी परत रांगेत येतो. वजन चाकांच्या मागे गेलं, की शेपटी जड होते. वाऱ्याच्या धक्क्यानं ती एकदा बाजूला गेली की आपल्याच वजनानं आणखी बाहेर जाऊ बघते, आणि चाकांवर फिरून पुढचं तोंड मोटारीला उलट बाजूला ढकलते. मोटार ढकलली गेली की चालक सुकाणू फिरवतो, मग झोका दुसऱ्या बाजूला. तुम्ही झोपाळ्यावर बसलेल्या मैत्रिणीला नेमक्या वेळी धक्का देता, तेव्हा झोका वाढत जातो ना? तसंच. हळू चालताना हे झोके विरतात. एका ठरावीक वेगाच्या पुढे गेलं की विरायचे थांबतात आणि वाढू लागतात. शेपटी जितकी जड, तितका तो धोक्याचा वेग खाली येतो.

वेगाचं आणखी एक आहे. १०५ चा वेग ७० च्या दीडपट. पण धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. दीड गुणिले दीड बरोबर सव्वादोन. वेग दीडपट, पण आवरायची ऊर्जा सव्वादोन पट! म्हणून तर कॅलिफोर्निया राज्यात ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना वेगाची मर्यादा वेगळी, तासाला ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर ठेवली आहे.

मग सगळंच सामान पुढे भरलं तर? नाही चालणार! आता ते मिनीव्हॅनचं वैशिष्ट्य आठवा. गोळ्यावर फार भार पडला की मोटारीचं मागचं टोक दबतं आणि पुढचं उचललं जातं. ओढायचं आणि वळवायचं काम पुढच्या चाकांचं. तीच रस्त्यावरून हलकी झाली तर मोटार वळणार कशी? म्हणजे ही झाली धुरजड. गोळ्यावर जास्तीत जास्त किती भार चालेल, तेही पुस्तिकेत दिलेलं असतं. दादाच्या गाडीला ही मर्यादा ३५० पौंड, म्हणजे १५९ किलो आहे. थोडक्यात, अण्णांचं जुनं सूत्रच खरं. टेकलं पाहिजे, रुतता कामा नये.

त्या विश्रांतीच्या जागी मग सगळे कामाला लागले. टाकीतलं पाणी सोडून दिलं. मुक्कामाच्या ठिकाणी नळ असतात, ओझं वाहून कशाला न्यायचं? सायकली मागून काढून ट्रेलरच्या आत, आसाच्या किंचित पुढे आडव्या घातल्या आणि दोरीनं आवळल्या. शेगडी-कोळसे-बर्फाची पेटी आणखी जरा पुढे आली. आता गोळ्यावर भार आला १०० किलोंच्या घरात, आणि ट्रेलरचं एकूण वजन राहिलं ७२५. टक्के किती झाले, ते तुम्ही काढा. उत्तर १० आणि १५ च्या मधे आलं पाहिजे बरं का!

काम करताना दादा म्हणाला, "अण्णा, तुम्ही काल म्हणाला होतात ना, मागे वजन झालंय म्हणून?"

अण्णा म्हणाले, "म्हनलो हुतो. पर म्हटलं, तुझी इंजनाची गाडी. मला अडाण्याला त्यातलं काय कळतंय?"

दादा दोरीची गाठ मारता मारता थांबला. भाचा सांगत होता, "आत्या, बाबा रडले नाहीत, पण त्यांनी चष्मा खूप वेळ पुसला."

पुढचा प्रवास ताशी ८५ किलोमीटरनं, उजव्या कडेनं. ट्रेलर कोकरासारखा मागून आला. संध्याकाळी तळावर पोचल्यावर आणखी एक गंमत झाली. ट्रेलर मागे घालून जागेवर लावायचा होता, आणि तो ऐकेचना! मागे जाताना सुकाणू उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे पळतो. अर्धा तास घामटा निघाला. शेवटी शेजारच्या तंबूतल्या एका आजींनी युक्ती सांगितली. सुकाणूच्या वर नाही, खाली तळाशी हात धरायचा. मग हात जिकडे सरकवाल तिकडेच ट्रेलर जातो. दुसऱ्या प्रयत्नात ट्रेलर जागेवर! आणि दुसऱ्या दिवशी भाचीनं आजोबांचा हात धरून ती अस्वलाची टेकडी बघितली.

मुलांनो, ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा आमची चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे आजोबांना सगळं येत होतं आणि काकांना काहीच येत नव्हतं!" मी तिला म्हटलं, तसं नाही गं. गाडी का डुलतेय, हे अण्णांना क्षणात कळलं. पण त्या क्षणी ब्रेक दाबायचा नाही, हे दादाला पुस्तकातून कळलं होतं. बैलगाडी काही ताशी १०५ नं पळत नाही. एकाचं ज्ञान दुसऱ्याला वेळेवर मिळालं असतं, तर ती दहा-पंधरा सेकंदं आलीच नसती. अण्णांनी एकदा सांगितलं आणि ते गप्प बसले. दादानं एकदा ऐकलं आणि तो हसला. चूक कुठं झाली, ते तुम्हीच ठरवा.

आणि आपल्याकडचं काय? आता ऊसाचा हंगाम आहे. ट्रॅक्टरमागे एक नाही, दोन-दोन ट्रॉल्या जोडून शाळेपुढून जातात. आमच्या शाळेतली काही बहाद्दर मंडळी चालत्या ट्रॉलीमागे पळून ऊस उपसतात, हे मला काय दिसत नाही? आता तुम्हाला माहीत झालं, की मागच्या गाडीची शेपटी पुढच्याच्या हातात पूर्ण नसते. चालकाला मागची ट्रॉली धड दिसतही नाही. वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेघेवरून जात नाहीत, आतल्या बाजूनं जातात. तेव्हा चालत्या ट्रॉलीला लोंबकळायचं नाही, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे जायचं नाही, आणि ट्रॉली मागे येत असेल तर तिच्या पाठीशी उभं राहायचं नाही. ऊस हवा असेल तर थांबलेल्या गाडीवाल्याला मागा. हंगामात कुणी नाही म्हणत नाही!

आता घरी करायचा प्रयोग. काड्यापेटीचा रिकामा खण घ्या. त्याच्या तळाला मधोमध एक काडी आडवी चिकटवा, तिच्या दोन्ही टोकांना बाटलीची बुचं बसवा. झाली दोन चाकी गाडी! पुढच्या बाजूला झाडूची एक काडी दांडीसारखी लावा आणि तिचं टोक खेळण्यातल्या मोटारीच्या पाठीवर टेकवा. आता खणात एक नाणं पुढच्या बाजूला ठेवा, मग मधे, मग मागे. दांडीचं टोक केव्हा दाबतं, केव्हा वर उठतं, हे बघा आणि वहीत लिहा. उलाळ आणि धुरजड, दोन्ही शब्द तिथं लिहायला विसरू नका.

आणि हो, एक गृहपाठ. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि विचारा, "तुम्ही कोणतं काम सर्वांत जास्त वर्षं केलंत? त्यात काय चुकलं तर घात व्हायचा?" ते "मला काय कळतंय" म्हणतील. त्यांना दुसऱ्यांदा विचारा. मग ऐकलेलं मला पत्रानं कळवा.

वाट बघते.

तुमची,
बाई